गल्लीची तक्रार आणि वॉर्ड ऑफिसातलं टेबल

गल्ली समितीकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा आधीच कुठेतरी फिरून आलेली असते. 'पाणी तुंबलंय' म्हणून कोणी फोन केला, तक्रार पर्जन्य जलवाहिन्यांच्या माणसांकडे गेली, त्यांनी येऊन पाहिलं तर पाणी पावसाचं नसून मलवाहिनीचं निघालं, आणि त्यांच्या यादीत ती निकाली झाली. तक्रारदाराच्या मोबाइलवर मेसेज येतो, दारातली घाण तशीच राहते. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. त्या टेबलापुरतं काम खरोखरच संपलेलं असतं. मुंबईत अशी गल्ली समिती, म्हणजे एएलएम, चालवायची तर सर्वांत आधी ही टेबलं, म्हणजे कोणतं काम कोणत्या खात्याचं ते, ओळखायला शिकावं लागतं. बाकी पत्रं, बैठका, पाठपुरावा सगळं त्यानंतर.

एएलएम, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट', मराठीत प्रगत परिसर व्यवस्थापन, ही मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये आणलेली व्यवस्था. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये तिची सुरुवात झाली तेव्हा विषय एकच होता, कचरा. ओला-सुका वेगळा करायचा आणि ओल्याचं खत जागच्या जागी करायचं. साधारण हजारभर रहिवाशांची एक गल्ली, असा आवाका धरलेला होता. पुढे कचऱ्याच्या मागोमाग गटार, पाणी, फेरीवाले, पार्किंग, कुत्री असं सगळंच समितीच्या पदरात पडलं. कायद्याने मात्र समितीला कवडीचा अधिकार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीतून आलेल्या प्रभाग समितीत नगरसेवक बसतात. एएलएम ही नुसती रहिवाशांची, महापालिकेने मान्यता दिलेली मंडळी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, नगरसेवक उरले नाहीत, तेव्हा वॉर्ड ऑफिसशी थेट बोलणारी अशी मंडळी किती उपयोगी पडतात ते ज्यांच्याकडे चालू समिती होती त्यांनाच कळलं.

नोंदणी अवघड नाही. वॉर्डाच्या सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज, हद्दीचा हाताने काढलेला का होईना पण नकाशा, इमारतींची यादी, प्रत्येक इमारतीचा एक प्रतिनिधी आणि सचिवाचा नंबर. चूक होते ती प्रतिनिधी निवडताना. सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी तेवढे घेतले की समिती नोकरदार पुरुषांची होते, आणि पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं, पहिल्या दहा मिनिटांत कसं येतं हे यातल्या कोणालाच माहीत नसतं. चाळीतल्या, भाड्याने राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या माणसांपैकी किमान एकेक हवा. वॉचमनला बैठकीला बोलावण्याची पद्धत नाही, पण रात्री डेब्रिजचा टेम्पो कोण रिकामा करतं हे विचारायचं तर त्यालाच.

तक्रारी घ्यायला व्हॉट्सॲप ग्रुप पुरत नाही. ग्रुपवर फोटो येतो, खाली पंचवीस अंगठे येतात, 'गुड मॉर्निंग' येतं आणि फोटो वर सरकून जातो. म्हणून एक वही किंवा एक साधा तक्ता ठेवायचा. अनुक्रमांक, तारीख, जागा, नेमकं काय, खातं, महापालिकेचा तक्रार क्रमांक, कोणी काय कबूल केलं, कधीपर्यंत. जागेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'मंदिराजवळ' ही जागा होत नाही. दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहावा. खांब नसेल तर 'अमुक सोसायटीच्या गेटपासून उजवीकडे ६ मीटर, फुटपाथच्या कडेला' असं. कनिष्ठ अभियंत्याकडे अशा कितीतरी गल्ल्या असतात. त्याला किंवा कंत्राटदाराच्या माणसाला जागा सापडली नाही की तो 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं लिहून मोकळा होतो.

आता टेबलं. वॉर्डात परिरक्षण विभाग असतो, तो गल्लीतली छोटी गटारं, फुटपाथ, लहान रस्ते बघतो. जलकामे वेगळं, घनकचरा वेगळं, इमारत व कारखाने वेगळं. कीटकनाशक विभाग डासांसाठी, उद्यान विभाग झाडांसाठी, अनुज्ञापन परवान्यांसाठी. मोठे रस्ते, मोठे नाले आणि मलवाहिन्या ही मध्यवर्ती खात्यांची कामं, ती माणसं वॉर्ड ऑफिसात बसतीलच असं नाही. शिवाय महापालिकेबाहेरचे: रस्त्यावरचा दिवा शहरात बेस्टचा, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीचा, भांडुप-मुलुंडकडे महावितरणचा. हद्दीही बदलतात. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे आले, तरी सर्व्हिस रोडच्या तक्रारी जुन्याच पत्त्यावर पाठवणारे लोक अजून आहेत.

गटाराची तक्रार आली की खातं ठरवण्याआधी जागेवर जाऊन तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पाऊस नसतानाही वाहतंय का. दुसरी, वास आणि रंग. तिसरी, झाकण. गोल, जड झाकण बहुधा मलवाहिनीचं, जाळीचं किंवा चौकोनी असेल तर पावसाच्या पाण्याचं. एवढ्यावर भागलं नाही तर जवळच्या सोसायटीच्या चेंबरमध्ये प्लंबर वापरतात तो हिरवा रंग बादलीभर पाण्यात कालवून ओतायचा आणि कुठे निघतो ते बघायचं. तो पावसाच्या गटारात निघाला तर सोसायटीची मलवाहिनी कुठेतरी फुटलेली आहे किंवा कोणी तरी जोडणीच चुकीच्या लाइनला केलेली आहे. मग तक्रार महापालिकेवर नाही, सोसायटीवर येते. सोसायटीच्या आवारातली चेंबर्स आणि तिथून महापालिकेच्या पहिल्या मॅनहोलपर्यंतची लाइन ही सोसायटीची जबाबदारी, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगितलं की आवाज चढतात, पण आहे ते असं आहे. जुन्या इमारतींमधल्या घरगल्ल्यांचं, म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या अरुंद बोळांचं, तर विचारूच नका. वरच्या मजल्यावरून कचरा टाकणारा आणि खाली तुंबल्याची तक्रार करणारा एकाच इमारतीतले निघतात.

झाकण कधीही स्वतः उघडायचं नाही. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. आणि कोणा माणसाला सुरक्षा साधनांशिवाय आत उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, सोसायटीने खासगी माणूस बोलावला तरी. पाण्याच्या जोराने गाळ सोडवणारं जेटिंग किंवा तो ओढून घेणारं सक्शन मशीनच मागायचं. उघडं मॅनहोल, पडलेलं झाड, ठिणग्या उडणारा खांब असं काही असेल तर पत्राच्या भानगडीत न पडता आधी महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन, तक्रार क्रमांक घेणं, आणि कोणी तरी तिथे लाल फडकं बांधलेली काठी घेऊन उभं राहणं. ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला, त्यानंतर झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचा विषय लागला. आपल्या गल्लीतल्या किती मॅनहोलना जाळी आहे याची यादी मे महिन्याच्या आत वॉर्डाकडून घ्यावी.

पत्राबद्दल थोडं सविस्तर. एका पत्रात एकच तक्रार. चार विषय एकत्र लिहिले की पत्र चार टेबलांवर फिरतं, प्रत्येक जण आपल्यापुरती ओळ वाचतो आणि पुढे ढकलतो. विषयाची ओळ अशी असावी: 'अमुक मार्ग, दिव्याचा खांब क्रमांक अमुक समोरील मलवाहिनीच्या मॅनहोलचे झाकण तुटल्याबाबत.' खाली चार-पाच वाक्यं. कधीपासून, आधीचा तक्रार क्रमांक कोणता, त्यावर काय झालं, आता काय हवं. 'झाकण बदलून कडेचे काँक्रीट नव्याने भरावे' असं नेमकं मागावं, 'योग्य ती कार्यवाही करावी' असं लिहू नये, कारण योग्य काय ते मग तेच ठरवतात. 'अत्यंत गंभीर', 'नागरिकांत तीव्र असंतोष' वगैरे शब्द काढून टाकावेत. ते वाचून वाचून तिथल्या माणसांचे डोळे त्यावरून घसरतात. फोटो दोन, एक जवळून आणि एक ज्यात ओळखीची खूण दिसेल असा लांबून. नागरी सुविधा केंद्रात एक प्रत द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख, क्रमांक घ्यायचा. शिक्का नसलेलं पत्र म्हणजे तुम्ही ते दिलेलंच नाही. ईमेल जरूर करावा, पण शिक्क्याच्या जोडीला.

वॉर्ड ऑफिसात महिन्याची बैठक मिळाली तर तिथे पाचापेक्षा जास्त विषय नेऊ नयेत. विषयांची यादी दोन-तीन दिवस आधी पाठवली की संबंधित अभियंता माहिती घेऊन येतो, नाहीतर 'बघून सांगतो' एवढंच हाती लागतं. बैठकीत 'होईल' या शब्दाची नोंद करायची नाही. 'साहेब, पाहणी कोण करणार आणि कोणत्या तारखेला?' एवढं विचारायचं आणि जे उत्तर येईल ते नाव-तारखेसकट लिहायचं. त्याच संध्याकाळी बैठकीचा गोषवारा सर्वांना मेल. आमच्याकडे हा मेल लिहिणारी व्यक्ती बोलणाऱ्यापेक्षा वेगळी ठेवतात, कारण जो भांडतो त्याला लिहिताना भांडणच आठवतं. अभियंत्याची बदली होते, नवा माणूस कोरा असतो, अशा वेळी मागच्या सहा महिन्यांचे गोषवारे त्याच्यासमोर ठेवले की तोही खूश आणि आपलंही पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

संयुक्त पाहणी मागणं हे यातलं सर्वांत उपयोगी काम. पण वेळ प्रश्नाची हवी, ऑफिसची नाही. पाण्याची पाहणी पाणी सुटतं तेव्हा, कचऱ्याची सकाळी सातला गाडी येते तेव्हा, पार्किंगची रात्री दहानंतर. मुकादम आणि कंत्राटदाराचा सुपरवायझर आल्याशिवाय पाहणी अर्धवट. प्रत्यक्ष हात त्यांचे लागतात. मोजपट्टी आणि रंगाचा स्प्रे आपण न्यावा, तुटलेल्या भागाभोवती खूण करून ठेवावी. सुरुवातीला सगळे घाईत असतात. चहा आला की कोणत्या लाइनचं काम गेल्या वर्षी कुठे अर्धवट थांबलं, हे मुकादम मामांकडूनच कळतं.

गढूळ पाण्याची तक्रार सगळ्यांत किचकट. मुंबईत पाणी दिवसातले काही तास येतं. लाइन भरलेली असते तोवर आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, कुठे तरी गंजून भोक पडलेलं असतं, नेमकं तिथूनच गटार वाहत असतं, आणि घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी तीच पहिल्या पाण्याबरोबर घरात येते. कोणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते, म्हणून मोटर लावणं हा नुसता शेजाऱ्याचं पाणी पळवण्याचा प्रश्न नाही.

अशा तक्रारीत सर्वांत आधी नकाशा काढायचा. कोणत्या इमारतीत घाण येते, कोणत्या नाही, कोणत्या दिवसापासून. लाइनचा प्रवाह कुठून कुठे आहे हे जलकामे विभागाच्या चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला, विचारून बाण काढायचा. चांगलं पाणी मिळणारी शेवटची इमारत आणि घाण मिळणारी पहिली इमारत यांच्या मधल्या तुकड्यात दोष असण्याची शक्यता सर्वांत जास्त. एकाच इमारतीत घाण असेल तर मेन लाइन सोडा, त्या इमारतीची जोडणी तपासा. मेनपासून मीटरपर्यंतची जोडणी ग्राहकाची असते, दुरुस्ती परवानाधारक प्लंबरकडून त्याच्याच खर्चाने होते. घाण किती मिनिटं येते हेही लिहावं. पाच-दहा मिनिटांत स्वच्छ झालं तर दोष जवळ, तासभर चाललं तर लांबवर किंवा मोठा.

नमुना कुठून घेतला यावर सगळं अवलंबून. भूमिगत टाकीतून किंवा गच्चीवरच्या टाकीतून घेतला तर पहिलं उत्तर येतं, 'तुमची टाकी घाण आहे.' आणि कित्येकदा ते खरंही असतं. भूमिगत टाकीचं झाकण आवाराच्या पातळीला असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात आवारातलं पाणी आत जातं. म्हणून मीटरजवळ, टाकीच्या आधी एक नळ काढून घ्यावा आणि नमुना तिथूनच द्यावा. महापालिकेचा माणूस निर्जंतुक बाटली आणतो, त्यात क्लोरिन निष्प्रभ करणारं रसायन असतं, ती विसळायची नाही. जिवाणूंची तपासणी लगेच होत नाही, वाढ व्हायला किमान दिवसभर लागतोच. निकालात १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य असायला हवेत. तोवर जागेवरच करता येण्यासारखी तपासणी म्हणजे उरलेल्या क्लोरिनची. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन असायला हवं. शेजारच्या इमारतीत पिवळं होतंय आणि तुमच्याकडे पांढरंच राहतंय, एवढा फरक दाखवला की खड्डे खणायला माणसं येतात. एका खड्ड्यात दोष सापडेलच असं नाही. तोवर पाणी उकळून पिण्याचा निरोप जिन्यात कागद लावून द्यावा. ग्रुपवर टाकलेला निरोप आजीआजोबांपर्यंत आणि भाडेकरूंपर्यंत पोचत नाही.

कचऱ्याचं म्हणाल तर ज्या विषयाने एएलएम सुरू झाली तोच अजून अर्धा सुटलेला आहे. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा असणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, असा आग्रह महापालिकेने २०१७ पासून धरला. लहान सोसायट्यांना सक्ती नसली तरी जमतं. चाळीस घरांचा ओला कचरा रोज साधारण पंचवीस-तीस किलो धरावा. खताचे दोन पिंप किंवा विटांचे दोन हौद, एक भरत असताना दुसरा पिकत राहतो, दीड-दोन महिन्यांत खत तयार. ते बहुतेक वेळा फसतं ओलाव्यामुळे. आमटी-भात, कलिंगडाच्या साली नुसत्या टाकत गेलं की वास सुटतो, अळ्या होतात, आणि वरच्या मजल्यावरून पहिली तक्रार समितीविरुद्धच येते. जेवढा ओला कचरा तेवढाच, आकारमानाने, सुका पाला किंवा लाकडाचा भुसा थरांमध्ये घालायचा. मूठभर घेऊन दाबलं तर एखाद-दुसरा थेंबच निघावा. धार लागली तर भुसा कमी पडलाय. ते रोज कोण करणार, हा खरा प्रश्न. झाडूवाल्या मावशींना 'तेवढं बघा' म्हणून चालत नाही, त्या वेळेचे वेगळे पैसे महिन्याच्या हिशेबात धरावे लागतात. ते न धरलेले प्रकल्प दिवाळीला फोटो काढून होळीपर्यंत बंद पडतात.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग लागतो त्याचं कारण बहुधा वेळेत असतं. दुकानं रात्री दहाला बंद होतात, गाडी सकाळी येते, मधल्या वेळात पिशवी ठेवायला दुकानदाराला जागा नसते. तिथे देवांच्या टाइल्स लावून, कुंड्या ठेवून, 'येथे कचरा टाकू नये' लिहून ढीग दहा पावलं पुढे सरकतो, एवढंच. रात्रीची एक फेरी मागावी, ती मिळाली नाही तर दुकानदारांनी झाकणाचा डबा दुकानात ठेवून सकाळी गाडीला द्यायचा, असं एकेकाशी बोलून ठरवावं. आणि वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत एकत्र होताना लोकांनी एकदा पाहिला की पुन्हा कोणी वेगळा करत नाही. गाडीत कप्पा आहे का, सुका कचरा कोणत्या दिवशी कोण नेतं, हे आधी पक्कं करून मगच घरोघरी सांगायला जावं.

झाडांच्या फांद्या हा एप्रिल-मेचा विषय. रस्त्यावरचं झाड उद्यान विभागाचं. आवारातलं असेल तर सोसायटीने अर्ज करून परवानगी घ्यायची आणि खर्चही सोसायटीचाच. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली विनापरवानगी तोडणं गुन्हा आहे, आणि 'फांद्या छाटल्या' म्हणून झाडाचं नुसतं खोड उभं ठेवलं तर तीही भानगड होते. डासांसाठी धुराची फवारणी सगळे मागतात, तिचा उपयोग थोडा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात तयार होतो. गच्चीवरच्या टाकीचं झाकण, एसीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, बंद घरातला फ्लॉवरपॉट हे शोधणारी पाच माणसांची दर रविवारची फेरी मशीनपेक्षा भारी पडते. अळ्या सापडल्या तर नोटीस सोसायटीलाच येते.

रस्ता नव्याने झाला असेल तर त्याचा दोष दायित्व कालावधी विचारून ठेवावा. त्या काळात खड्डा पडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने फुकट करून द्यायची असते, पण हे कोणी मागितल्याशिवाय घडत नाही. केबल टाकायला चर खणला तर बोर्डवर परवानगी क्रमांक आणि मुदत असते, त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढावा. काम उरकल्यावर बोर्ड आधी जातो, खडी मागे राहते.

काही तक्रारी नुसत्या महापालिकेच्या नसतात. सार्वजनिक रस्त्यावर कोणाचंही पार्किंग राखीव नसतं, कुंड्या आणि तुटक्या खुर्च्या ठेवणारे हे ऐकून घेत नाहीत. कुत्र्यांबाबत २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी खाऊ घालण्याची जागा ठरवण्याचं काम रहिवासी संघटनेवरच टाकलंय. मुलं खेळतात तिथून आणि जिन्यांपासून लांब, ठरावीक वेळ, असं दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून लिहून घ्यावं. गल्लीतली निर्बीजीकरण केलेली कुत्री सहसा पुन्हा त्याच जागी सोडावी लागतात, 'उचलून न्या' ही मागणी कोणी कितीही जोरात केली तरी पत्रात घालण्यात अर्थ नाही. रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरसाठी पोलिसांना ११२ वर फोन. फेरीवाल्यांच्या बाबतीत गल्लीतच दोन तट असतात, भाजी दारात हवी असणारे आणि फुटपाथ मोकळा हवा असणारे, तेव्हा समितीने बहुमताने पत्र पाठवण्याआधी चार वेळा विचार करावा. रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत बसण्याला उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केलेली आहे. तेवढ्यापुरती तक्रार ठेवली तर टिकते.

वॉर्डात काम अडलं की वर कुठे जायचं याचाही क्रम आहे. काही वॉर्ड मिळून होणाऱ्या परिमंडळाचे उपायुक्त, मग राज्य सरकारचं 'आपले सरकार' पोर्टल, मग अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो लोकशाही दिन. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि खालच्या पातळीवर दाद मागितल्याचे कागद जोडावे लागतात. इथे ते आवक शिक्के कामाला येतात. माहितीचा अधिकार धाक दाखवायला वापरू नये, कागद मिळवायला वापरावा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, नाही मिळालं तर २० रुपये भरून पहिलं अपील. 'काम का झाले नाही?' असं विचारलं की उत्तर येतं, 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.' त्याऐवजी कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तकाच्या नोंदी, पाहणी अहवाल, असे कागद नावाने मागावेत. त्याहून सोपं म्हणजे सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जाऊन फाइलच बघणं. ही सोय २०१८ च्या शासन निर्णयाने झाली, पण फार कमी लोक वापरतात. फाइल चाळताना कळतं की निधी मंजूर आहे, निविदा झाली आहे, फक्त वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र यायचं राहिलंय. मग भांडण वॉर्डाशी करायचं नसतं, ते पत्र आणवायचं असतं.

पैशाचा व्यवहार शक्य तितका टाळावा. संस्था म्हणून कायद्याने नोंदणी नसलेल्या समितीच्या नावे बँकेत खातं सहजासहजी निघत नाही, मग ते कोणाच्या तरी नावावर ठेवलं जातं आणि सहा महिन्यांनी बैठकीत तक्रारींऐवजी हिशेबच चालतो. फलक, झेरॉक्स, रंग असा खर्च सोसायट्यांनी आळीपाळीने परस्पर द्यावा. नव्या कामांच्या मागण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेल्या बऱ्या, कारण महापालिकेचा अर्थसंकल्प साधारणपणे फेब्रुवारीत मांडला जातो आणि तोवर आकडे बसलेले असतात. खणण्याचं कुठलंही काम मेअखेरीच्या आत पुरं होणार नसेल तर पावसाळ्यानंतरच सुरू करा, असं आपणच लेखी सांगावं. अर्धवट चर घेऊन जूनमध्ये शिरणं कोणालाच परवडत नाही.

सध्या वहीत सर्वांत जास्त नोंदी पुनर्विकासाच्या आहेत. इमारत पाडायला घेतली की तिथले प्रतिनिधी तीन-चार वर्षांसाठी भाड्याच्या घरांत पांगतात, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो विकासक त्यांनीच नेमलेला असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या भोवती ३५ फुटी पत्रे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची सोय, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं, हे सगळं तिच्यात आहे. पत्र्यांची उंची आणि चाकं धुण्याची जागा रस्त्यावरून दिसते, म्हणून तक्रार तिथून सुरू करावी. धुळीपेक्षा मोठं नुकसान मात्र गटाराचं होतं. पायाच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून थेट रस्त्याच्या गटारात सोडतात, सोबत माती आणि सिमेंटचा रबडा जातो, तो तळाशी घट्ट बसतो आणि मग जेटिंग मशीननेही निघत नाही, फोडूनच काढावा लागतो. पंप सुरू झाल्याच्या आठवड्यातच गटाराच्या तोंडाशी गाळ बसायची टाकी मागावी, आणि एप्रिलमध्ये त्या साइटच्या खालच्या बाजूची दोन-तीन झाकणं परिरक्षणाच्या माणसाकडून उघडून घेऊन काठीने गाळाची उंची मोजावी.